आक्काचं ‘बघू’

ठकी चष्मा विसरून कामाला गेली होती, म्हणून मी त्या दुपारी कारखान्यात गेले. निमित्त एवढंच. जेवण आटोपलं होतं, भांडी घासून पालथी घातली होती आणि खिडकीत तिचा चष्मा पडलेला दिसला. ठकी म्हणजे माझी लेक. वय चौतीस, शिक्षण भरपूर, पण चष्म्याशिवाय समोर माणूस उभा आहे की कपाट, हे तिला कळत नाही. फोन केला तर म्हणाली, “आई, तूच ये घेऊन. ये म्हणजे... येच. तुला एक ऐकवायचंय.”

तुम्ही परवा जिन्यात मला विचारलंत ना, की सकाळी सकाळी आमच्या भिंतीतून टकटक कसली येते, नळाचं काम काढलंय का? पुढे आणखी काहीतरी विचारणार होतात, पण थांबलात. मी हसून विषय बदलला. आज आला आहात, चहा ठेवलाय, ठकी यायला अवकाश आहे, तर सांगते. तेवढा दिवा लावू द्या आधी. पूर्वी मला अंधाराचं काही वाटत नसे.

तर, तिच्या त्या ‘येच’मध्ये एक बारीक चरा होता. तुम्हाला ऐकू आला नसता. मला आला, कारण एकवीस वर्षं मी चरे ऐकायचंच काम केलं.

आमच्या कारखान्यात चहाचे कप होतात. पांढरे, झिलईचे, साधे. भट्टीतून निघालेल्या कपाला कधीकधी अशी चीर असते की डोळ्यांत तेल घालून बघितली तरी दिसत नाही. ती फक्त आवाजात सापडते. कप एका तळहातावर उभा धरायचा, दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटानं कडेला टिचकी मारायची आणि ऐकायचं. धड कप गातो, चिरलेला खोकतो. आम्ही बाराजणी दिवसभर हेच करायचो. आमच्या विभागाचं नावच टिचकी खातं. नव्या माणसाला वाटायचं, या बायकांना एकमेकींना टिचक्या मारण्याचा पगार मिळतो. तेही करायचो, नाही असं नाही.

खात्यातली सगळ्यात थोरली ती आक्का. वाळकी, ठेंगणी, डावखुरी. गालात कायम एक लवंग धरलेली. तिच्या डाव्या मधल्या बोटाचं नख इतकं जाड झालं होतं की ते कापताना कात्रीच बोथट व्हायची. बाकी आम्ही एकेक टिचकी मारायचो, आक्का दोन मारायची. पहिली हलकी, दुसरी जोरात. “एक उठवायची, एक विचारायची,” ती म्हणे. “झोपलेल्याला एकदम प्रश्न विचारू नये गं.” मग डोळे मिटून ऐकायची आणि तीनपैकी एक शब्द बोलायची. ‘हं’ म्हणाली की कप बांधणीला जायचा. ‘अंहं’ म्हणाली की चुऱ्याच्या टाकीत.

आणि ‘बघू’ म्हणाली की कप खिडकीच्या कट्ट्यावर. तोंड खाली, कान भिंतीकडे. त्याचा आवाज धडही नसायचा आणि फुटकाही नसायचा. “भट्टीतून आत्ताच आलंय, घाबरलंय,” आक्का म्हणायची. “रात्रभर निजू दे त्याला.” दुसऱ्या दिवशी सकाळी, पावणेसातचा भोंगा झाला की तिचं पहिलं काम ते. कट्ट्यावरच्या एकेकाला पुन्हा दोन टिचक्या. रात्रीत काही सावरलेले असायचे, काही आपोआप तडकलेले असायचे. काहींना ती पुन्हा बघूच म्हणायची, चार-चार दिवस. पण एकही कप ती कधी विसरली नाही. आक्काचं बघू म्हणजे खरंच बघू.

आमच्या घरात तसं नव्हतं. ठकीचे वडील लवकर गेले, मी एकटी. सहलीला जाऊ का? बघू. सायकल घेशील? बघू. पोरीला शाळेत गुणाकार यायच्या आधी कळलं होतं की आईचं बघू म्हणजे नाही. सगळ्याच घरांत असं असतं म्हणा. तेव्हा त्यात काही चुकतंय असं मला वाटलंही नव्हतं.

शाळा सुटली की ठकी थेट टिचकी खात्यात यायची. बांधणीच्या टेबलाखाली पेंढ्याचा ढीग असे, त्यात बसून अभ्यास करायची, तिथंच झोपायची. ठकी हे नाव आक्कानंच ठेवलेलं. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, पण तिथून बाहेर कधी आलंच नाही. रोज ती आत शिरली की आक्का हातातला कप बाजूला ठेवायची आणि तिच्या कपाळावर दोन टिचक्या मारायची. एक हलकी, एक जोरात. डोळे मिटून ऐकायची. “हं. धड आहे पोर.” कधी ताप असला तर आक्का ‘अंहं’ म्हणायची आणि आम्हा दोघींना घरी पिटाळायची. सहावीत ठकी नापास झाली, त्या दिवशी तेवढं आक्का ‘बघू’ म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा टिचकी मारून ‘हं’ म्हणाली. तोवर ठकी रडत होती, आणि ते ‘हं’ झाल्यावर थांबली.

मोठी झाल्यावर ठकी यंत्रं बसवणाऱ्या कंपनीत लागली. आणि फिरून फिरून काम कुठलं वाट्याला यावं, तर आमच्याच कारखान्याचं. कप तपासणारं यंत्र. एक पोलादी हातोडी, पेन्सिलीएवढी. एक कान, मसुरीच्या दाण्याएवढा. कप उचलायला एक लांब हात आणि पुढे दोन घसरगुंड्या. एक चांगल्या कपांची, एक टाकीकडे जाणारी. आम्ही बायकांनी त्याचं नाव ‘सवत’ ठेवलं. पण सवतीला काहीच येत नव्हतं. हातोडी मारायची, आवाज ऐकायची आणि गप्प बसायची. तिला कोणीतरी शिकवायला हवं होतं.

आक्कानं शिकवलं. आठ महिने ती त्या यंत्राशेजारी स्टुलावर बसून होती. कप वाजवायची, हं म्हणायची, अंहं म्हणायची, आणि शेजारी बसून ठकी बटण दाबायची. आम्ही अकराजणींनी आक्काशी बोलणं टाकलं होतं. शेवटी मला राहवलं नाही. म्हटलं, “आक्का, स्वतःच्या हातानं सवतीला घरात घेतेस?”

ती मला धाकटी म्हणायची, माझे केस पिकले तरी. “धाकटे,” ती म्हणाली, “हा कान माझ्याबरोबर मातीत जाणारच आहे. त्यापेक्षा कुणाकडे तरी राहू दे की. आणि ठकीचं यंत्र आहे ना? आपल्याच पोरीचं.”

यंत्र शिकलं. एका आठवड्यात आम्ही बाराजणी घरी आलो. साहेबांनी भाषण केलं आणि प्रत्येकीला सहा कपांचा संच दिला. एकीनं शिवणयंत्र घेतलं, एक दुसऱ्यांची मुलं सांभाळायला लागली, दोघी नुसत्याच म्हाताऱ्या झाल्या. आक्काचं बोट काही थांबेना. ती खिडकीच्या काचा वाजवायची, पाण्याचा तांब्या वाजवायची, एकदा शेजारच्या टकल्या गृहस्थांना वाजवलं आणि ‘अंहं’ म्हणाली. पुढच्या वर्षी तिनं अंथरूण धरलं. मी ठकीला म्हटलं, “भेटून ये. तुझी वाट बघतेय.”

“बघू,” ठकी म्हणाली.

गेली नाही. मी गेले की आक्का विचारायची, “ठकी?” मी म्हणायचे, येईल. तिचं बोट पलंगाच्या कडेवर वाजत असायचं. शेवटच्या संध्याकाळी मी पुन्हा ‘येईल’ म्हटलं, तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “बघू.” दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या वेळेला ती गेली. भोंगा वाजला नाही अर्थात. आमच्यामागोमाग बाकीची माणसंही घरी बसल्यावर भोंगा कुणासाठी वाजवायचा?

तेव्हापासून ठकीच्या आवाजात तो चरा आला. जेवायची कमी, बोलायची त्याहून कमी. कामावरून आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. विचारलं तर ‘काही नाही’. चिरलेला कप वर्षभर नीट चालतो, आणि एक दिवस कपाटात नुसता ठेवलेला असताना त्याचे दोन तुकडे होतात. कधी होतील ते सांगता येत नाही. मला एकुलती एक लेक. माझा जीव टांगणीला लागला होता.

आता त्या दुपारचं सांगते.

फाटकावर पहारेकरी होता. पूर्वी इथं चारशे माणसं यायची, आता एवढाच. त्यानं मला ओळखलं. “जपून जा,” म्हणाला. “आत दिवे नसतात.”

बाहेर डोळे दिपवणारं ऊन होतं. दार ढकलून आत पाऊल टाकलं आणि मागे दार लागलं, तर स्वतःचा हात दिसेना. मला वाटलं वीज गेली. पण कप वाहून नेणारा पट्टा चालू होता, त्याची सरसर ऐकू येत होती. मग उमगलं. यंत्रांना उजेड लागत नाही. दिवे लावायचे कुणासाठी? धूळ येऊ नये म्हणून खिडक्याही बुजवून टाकल्या होत्या. जिथं एकवीस वर्षं उन्हाचे पट्टे पडायचे, आम्ही डबे खायचो, एकमेकींच्या सासवांची उणीदुणी काढायचो, तिथं भर दुपारी दाट काळोख होता, आणि त्या काळोखात काम चाललेलं होतं. ओल्या मातीचा वास. तापलेल्या तेलाचा वास. आणि दर सेकंदाला, टिंग. टिंग. टिंग. सवतीची हातोडी.

“आई, इकडे.” लांबवर एक छोटी बॅटरी हलली.

भिंतीला हात लावत गेले. ठकीनं चष्मा घेतला, घातला, तरी तिची नजर जागेवर आली नाही. कपाळावर घामानं केस चिकटले होते. तिनं बॅटरी भिंतीकडे वळवली. आमची जुनी खिडकी. ती बुजवायची राहिली होती, काचांना नुसता काळा रंग दिला होता. खाली कट्टा तसाच होता.

कट्ट्यावर कप होते. ओळीनं मांडलेले, तोंडं खाली, कान भिंतीकडे.

“नऊ दिवस झाले,” ठकी हळू आवाजात म्हणाली. “रोज तीन. पट्ट्यावर जेवढे चढतात, तेवढे उतरत नाहीत. मला वाटलं हात कुठे पाडतोय. शोधायला आले, तर हे.”

“पहारेकरी?”

“त्याला अंधाराची भीती वाटते, तो दाराच्या आत येत नाही. किल्ली माझ्याकडे एकटीकडे.”

“आणि तो यंत्राचा हात?”

तिनं बॅटरी वळवली. यंत्र चांगलं दहा पावलं लांब होतं. हात कप उचलत होता, ठेवत होता, आपल्याच नादात. तो इथवर पोचता तर मीही सुखानं घरी गेले असते.

“तू वाजवून बघ ना,” ठकी म्हणाली. “कसे आहेत सांग. तुझ्याशिवाय मी कुणाला सांगणार...”

मी पहिला कप उचलला. टिचकी मारली. मग दुसरा. तिसरा. माझं बोट दोन वर्षांत मऊ पडलं होतं, पण कान शाबूत होता. सत्तावीस कप होते. एकही धड नव्हता आणि एकही फुटका नव्हता. सत्तावीसच्या सत्तावीस बघूचे.

शेवटचा कप खाली ठेवायला मी वाकले. कट्ट्यावर लवंगेचा वास येत होता.

“ठकी,” मी म्हटलं, “दिवा बंद कर.”

“का?”

“उजेडात नीट ऐकू येत नाही. कर बंद.”

तिनं बॅटरी विझवली. मी तिचा हात धरला आणि सवयीनं डोळे मिटले, इतक्या काळोखात त्याची काही गरज नसताना. टिंग. टिंग. टिंग. हातोडीचा आवाज पोलादाचा, एकसारखा, कोरडा. मग दोन टिंगच्या मधे काहीतरी ऐकू आलं. टक्. अगदी हलकं. आणि लगेच, टक्. जोरात.

ते नख होतं. पोलाद आणि नख यांतला फरक मला मेल्यावरही कळेल.

“आई... हेच. हेच मला ऐकवायचं होतं.”

टिंग. टक्, टक्. टिंग. आवाज पट्ट्याच्या पलीकडून येत होता. थोड्या वेळानं अलीकडून आला. कुणाच्या पायांचा आवाज नव्हता. कपडा घासल्याचाही नव्हता.

आणि मग ठकी बोलायला लागली, भराभरा, जणू कुणी पुन्हा बटण दाबायच्या आत सगळं सांगून टाकायचं होतं.

“मी एक केलंय, आई. घसरगुंड्या दोनच होत्या. हो आणि नाही. आक्का बघू म्हणाली की मी काय दाबायचं? साहेबांना विचारलं. ते म्हणाले तुम्हीच ठरवा, तिसरी करायला जागा नाही. मग मी... मी नाही दाबलं. आठ महिने. प्रत्येक बघूला नाही. मला माहीत होतं गं, मी याच कट्ट्यासमोर वाढले. पण मी मनाशी म्हटलं, मोठी माणसं बघू म्हणतात तेव्हा नाहीच म्हणायचं असतं त्यांना. आक्काचा अर्थ सोडला मी. आणि तुझा घेतला.”

मी चाचपडत कट्ट्याची कड धरली.

“एकदा तिनं विचारलं मला,” ठकी म्हणाली. “ठकी, माझ्या बघूंना कुठे ठेवतेस? मी म्हटलं, ठेवलेत बाजूला, आक्का. तोंड खाली करून ठेवलेत. हसली ती. शहाणी माझी, म्हणाली... सगळे टाकीत जात होते, आई. आजही जातात. दहातला एक. मी कुठल्या तोंडानं भेटायला जाणार होते?”

टक्, टक्. आता आवाज कट्ट्याशी होता. हाताच्या अंतरावर. लवंगेचा वास इतका दाट झाला की माझे डोळे चुरचुरले.

ठकीनं अंधारात तोंड वर केलं असावं, कारण तिचा आवाज निराळ्या दिशेनं गेला. सहावीत होती तेव्हाचा आवाज.

“आक्का... चुकलं माझं.”

पट्टा थांबला. हातोडी थांबली. तो कारखाना मी इतका गप्प कधी ऐकला नव्हता. भट्टीचा फक्त लांबून श्वास येत होता.

आणि माझ्या शेजारी, माझ्या कानापासून वीतभर अंतरावर, ठकीच्या कपाळावर टिचकी वाजली. हलकी. मग दुसरी. जोरात.

खरं सांगते तुम्हाला. त्या दुसऱ्या टिचकीच्या शेवटी तो चरा मला स्वच्छ ऐकू आला. इतका लांब, इतका खोल, की तो कप असता तर मी ‘अंहं’ म्हणून टाकीत दिला असता. स्वतःच्या पोटच्या लेकीबद्दल बोलतेय मी. टाकीचं तोंड आमच्या मागे चार पावलांवर होतं आणि आक्का डोळे मिटून ऐकत होती, हे मला दिसत नव्हतं पण ठाऊक होतं. ती नेहमी तेवढाच वेळ घ्यायची. मी मनातल्या मनात तिच्या पाया पडले. म्हटलं, आक्का, माझ्या वाट्याचं मला दे, पण पोरीला अंहं म्हणू नकोस.

मग अंधारात, अगदी नेहमीच्या आवाजात, लवंग गालात धरूनच, ती म्हणाली, “बघू.”

पट्टा सुरू झाला. टिंग. टिंग. वास विरला.

मी ठकीला ओढतच दारापर्यंत आणलं. उन्हात आल्यावर पायरीवर बसवलं. ती मला म्हणाली, “टिचकी बसली, आई. दोन. पण मग काहीच बोलली नाही...”

“तू ऐकलं नाहीस?”

“नाही. काय म्हणाली?”

“बघू म्हणाली.”

ठकीनं माझ्याकडे पाहिलं. “तुझं बघू की आक्काचं?”

एवढ्या वर्षांत मला कुणी इतकं टोचून बोललं नव्हतं, आणि ती टोचायला बोललीच नव्हती. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, “आक्काचं गं राणी. आक्काचं.” तेव्हा ती रडली. तिच्या कपाळावर पांढऱ्या मातीची एक बारीक कोर उमटली होती, नखाएवढी. मी पदरानं पुसली, गेली.

पुढचं थोडक्यात. ठकीनं साहेबांना पटवलं की दहातला एक कप वाचवता येईल, आणि यंत्राला तिसरी घसरगुंडी करून घेतली. ती त्या कट्ट्यावर उतरते. यंत्राला बघू कसं शिकवलं ते तिचं तिला ठाऊक. आठ महिन्यांचे आवाज तिनं पुन्हा पहिल्यापासून ऐकले म्हणे. सकाळी ते कप माणसानंच वाजवावे लागतात, म्हणून दोघींना परत बोलावलं, मला आणि शिवणयंत्रवालीला. दीड तासाचं काम. खिडकीचा काळा रंग आम्ही पहिल्याच दिवशी खरवडून काढला. बाकीच्या नऊजणींचं काय, ते विचारू नका. त्यांना कुणी नाही म्हणालेलं नाही, पण बघूही म्हणालेलं नाही. ठकी दर रविवारी एकीच्या घरी जाते, शिव्या खाते, जेवते आणि चष्मा विसरून येते.

पण टिचकी थांबली नाही. दुसऱ्याच सकाळी, पावणेसातला, ठकीच्या खोलीतून आवाज आला. टक्. टक्. मी दाराशी धावले. ठकी गाढ झोपलेली होती. आणि अंधाऱ्या कोपऱ्यातून ते, “बघू.” ठकीला ऐकू गेलं नाही. तिला कधीच ऐकू गेलं नाही. सात महिने रोज सकाळी मी दाराबाहेर श्वास रोखून उभी राहायचे. रोज बघू. पण दुसऱ्या टिचकीच्या शेवटचा चरा दिवसेंदिवस बारीक होत होता, ते मला कळत होतं. पोरगी जेवायला लागली. एक दिवस न्हाणीघरात गुणगुणली. अगदी बेसूर, पण मी बाहेर डोळे पुसले.

गेल्या सोमवारी सकाळी टिचक्या वाजल्या, आणि आवाज गायला. स्वच्छ. शेवटपर्यंत. आणि आक्का म्हणाली, “हं.”

मी तिथंच दाराशी खाली बसले. तुम्हाला मुलं आहेत, तुम्हाला कळेल. तो सगळा दिवस मी तरंगतच होते. ठकीला आवडतं ते सगळं रांधलं. तिनं विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, काही नाही, धड आहेस.

मंगळवारी सकाळी मी निवांत अंथरुणात पडून राहिले. आता कशाला उठायचं? पावणेसात झाले असतील. ठकीच्या खोलीत सामसूम होती. आणि माझ्या उशाशी लवंगेचा वास आला.

मी डोळे उघडले नाहीत. कपाळावर टिचकी बसली. हलकी. मग दुसरी, जोरात.

मी वाट बघितली. कितीतरी वेळ. काहीच ऐकू आलं नाही. वास गेला. काल पुन्हा तसंच. आज पुन्हा. दोन टिचक्या, आणि मग शांतता. आज सकाळी भांडी मांडताना माझ्या लक्षात आलं. ठकीला तरी कुठे ऐकू येत होतं? ज्याला टिचकी बसते, त्याला उत्तर ऐकू येत नसावं. कपाला कुठे कळतं आपल्याला काय म्हटलं ते.

मी घाबरलेली नाही. म्हणजे, तशी नाही. आक्का माझ्यावर रागावेल असं मला वाटत नाही, एकवीस वर्षं शेजारी बसलोय. पण मी आयुष्यात ज्याला ज्याला बघू म्हटलं, त्यातलं एकही दुसऱ्या दिवशी बघितलं नाही. ठकीनं तो अर्थ माझ्याकडूनच उचलला. ते आक्काला ठाऊक आहे.

माझी उशी ज्या भिंतीला आहे, तिच्या पलीकडे तुमची खोली. म्हणूनच तुम्हाला मुद्दाम चहाला बोलावलं. टकटक तुम्हाला ऐकू येते, हे तुम्हीच म्हणालात. त्यानंतर एका बाईचा आवाज येत असेल. एकच शब्द. परवा जिन्यात तुम्ही तेच विचारणार होतात ना... काय म्हणते ती?

घ्या ना, चहा निवतोय. कप धड आहे, मी वाजवून घेतलाय.

तुम्ही काहीच न सांगता कप खाली का ठेवलात?